हाडांचे वय आणि दाखल्यावरचे वय

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारखेचा एक रकाना असतो. अंकात आणि अक्षरात, अशी दोन वेळा ती तारीख लिहायची, एवढेच आपण पाहतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे रजिस्टर उघडले तर या रकान्यात '१ जून' ही तारीख वारंवार भेटते. शाळा जूनमध्ये उघडत. मुलाला नेमकी जन्मतारीख नसे. आणि पहिलीत घेण्यासाठी वर्षे तर पुरी भरायला हवीत. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. पुढे या मंडळींपैकी अनेकजण सरकारी नोकरीत गेले आणि दरवर्षी ३१ मे रोजी एकदम निवृत्त होऊ लागले. ही गोष्ट आपण गमतीने सांगतो.

पण याच रकान्यातल्या तारखेवर एखाद्या तरुणाचा दहा वर्षांचा तुरुंगवास अवलंबून असू शकतो, किंवा एखाद्या मुलीला कायद्याचे संरक्षण मिळणार की नाही हे ठरू शकते. तारीख नसेल किंवा तिच्यावर विश्वास ठेवता येत नसेल, तर न्यायालय डॉक्टरांकडे वळते आणि विचारते, 'हिचे वय सांगा.' या प्रश्नाला विज्ञान किती अचूक उत्तर देऊ शकते, हे या लेखात पाहू. त्यासाठी आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

संमतिवय म्हणजे काय?

शरीरसंबंधाला दिलेली संमती कायदा ज्या वयापासून खरी मानतो, ते संमतिवय. त्या वयाच्या आतली मुलगी किंवा मुलगा 'हो' म्हणाला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ती संमती नव्हे. कारण इतक्या लहान वयात परिणामांची जाण पुरी नसते आणि मोठ्या माणसाच्या दबावाला, आमिषाला नकार देण्याची ताकदही नसते.

'संमतिवय' हा शब्द मराठीत रुजला तो १८९१ च्या कायद्यामुळे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे वय अवघे १० वर्षे होते, आणि पत्नीच्या बाबतीतही तेच. मुंबईचे बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लेखणी चालवली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात रखमाबाईंवर खटला भरला गेला. लहानपणी लावून दिलेले लग्न मानून पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता. पुढे त्या डॉक्टर झाल्या. कलकत्त्यात फुलमणी या अल्पवयीन मुलीचा पतीच्या अत्याचाराने मृत्यू झाला. तिचे वय दहाच्या थोडे वर होते, म्हणून पतीवर बलात्काराचा आरोप ठेवताच आला नाही आणि तो एका वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटला. या प्रकरणाने देश हादरला आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवय १२ वर्षे झाले. आपल्याकडे त्यावरून मोठे वादळ झाले. टिळकांनी 'केसरी'तून कायद्याला विरोध केला, तर डॉ. भांडारकर आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

पुढचा प्रवास असा. १९२५ मध्ये हे वय १४ झाले (पत्नीसाठी १३), १९४९ मध्ये १६ झाले (पत्नीसाठी १५). २०१२ साली 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम' आला. त्याला आपण 'पोक्सो' म्हणतो. त्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, बालक ठरवले. २०१३ मध्ये दंड संहितेतही १६ चे १८ झाले. न्यायमूर्ती वर्मा समितीने हे वय १६ च ठेवावे अशी शिफारस केली होती, हे येथे नमूद करायला हवे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीसाठीही १५ ऐवजी १८ ही मर्यादा लागू केली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत तीच कायम आहे.

फुलमणीच्या खटल्यात मुलगी दहाच्या वर होती की खाली, हा प्रश्न निर्णायक ठरला. १८९१ मध्ये १० ची रेषा १२ वर गेली, आता ती १८ वर आहे. रेषा कोठेही असली, तरी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो.

बचावाचा पहिला मुद्दा

पोक्सोखालील खटल्यात आरोपीच्या वकिलाने 'मुलीची संमती होती' असे म्हणून उपयोग नाही. मुलगी १८ च्या आत असेल तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. 'मला ती मोठी वाटली' हे म्हणणेही सहसा टिकत नाही. इंग्लंडमधील १८७५ चा प्रिन्स खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. त्यातील मुलगी १८ वर्षांची दिसत होती आणि आरोपीचा तसा समज प्रामाणिक होता, हे ज्यूरीने मान्य केले. तरीही ती प्रत्यक्षात १६ च्या आत असल्याने, तिला वडिलांच्या ताब्यातून नेल्याबद्दल तो दोषी ठरला. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्याने १३ ते १५ वयाच्या बाबतीत रास्त समजुतीचा बचाव मान्य केला. आपल्या पोक्सो कायद्यात अशी स्पष्ट सवलत नाही. उलट आरोपीचा हेतू दोषी होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि तसे नव्हते हे आरोपीने संशयापलीकडे सिद्ध करायचे, अशी तरतूद आहे.

कॅनडात संमतिवय १६ आहे, पण १४-१५ वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा जोडीदार पाच वर्षांपेक्षा कमी अंतराने मोठा असेल आणि त्याच्यावर विश्वासाची किंवा अधिकाराची जबाबदारी नसेल, तर तो गुन्हा होत नाही. जपानने २०२३ मध्ये हे वय १३ वरून १६ वर नेले, तेव्हा त्यांनीही पाच वर्षांच्या अंतराचा विचार केला. आपल्याकडे अशी जवळच्या वयाची सूट नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा पळून गेले, मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली, की पोक्सोचा गुन्हा दाखल होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातील शरीरसंबंधाच्या गुन्ह्याला किमान शिक्षा १० वर्षे आहे, आणि मुलगी १६ च्या आतली असेल तर २० वर्षे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील २८३ व्या अहवालात संमतिवय कमी करू नये असेच सांगितले. मात्र १६ ते १८ वयोगटातील, प्रत्यक्षात मूक संमती असलेल्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना काही मोकळीक असावी असे सुचवले.

म्हणून अशा खटल्यात बचावाचा पहिला मुद्दा बहुधा एकच असतो. मुलगी घटनेच्या दिवशी १८ च्या आत होती, हे सरकार पक्षाने सिद्ध केले आहे का? ते सिद्ध होईपर्यंत पोक्सोची इमारतच उभी राहत नाही.

वय ठरवण्याचा क्रम बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये दिला आहे. पहिल्या क्रमांकावर शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि ही दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. बाल आरोपींसाठी असलेली ही पद्धत पीडित बालकाचे वय ठरवण्यासाठीही वापरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जर्नेलसिंग खटल्यात सांगितले. वैद्यकीय चाचणी शेवटी का, हे हाडांचे विज्ञान समजून घेतल्यावर पटते.

हाड कसे वाढते?

जन्मतः बाळाचा सांगाडा पुरता हाडांचा नसतो. त्याचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत असते तशा लवचिक पदार्थाचा असतो. कूर्चेत ठरावीक जागी कॅल्शियमचे क्षार साठू लागतात आणि हाड तयार होऊ लागते. याला अस्थिभवन म्हणतात. क्ष-किरण कूर्चेतून सहज पार होतात, हाडातून कमी; म्हणून क्ष-किरण चित्रात हाड पांढरे दिसते आणि कूर्चा जवळजवळ दिसतच नाही. नवजात बाळाच्या मनगटाच्या चित्रात बहुधा मोकळी जागा दिसते. मनगटात पुढे आठ छोटी हाडे असतात. त्यांपैकी पहिली दोन काही महिन्यांतच ठिपक्यांसारखी उमटतात आणि शेवटचे वाटाण्याएवढे हाड नऊ-बारा वर्षांच्या सुमारास दिसू लागते.

लांब हाडांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मांडीचे किंवा दंडाचे हाड घ्या. त्याचा मधला दांडा वेगळा आणि टोके वेगळी हाडे होत जातात. दोन्हींच्या मध्ये कूर्चेची एक पातळ चकती राहते. तिला आपण वाढचकती म्हणू. या चकतीत नव्या पेशी तयार होत राहतात आणि हाडाची लांबी वाढत राहते. क्ष-किरण चित्रात ही चकती दांडा आणि टोक यांच्यामधल्या काळ्या रेघेसारखी दिसते. किशोरवयात ही रेघ अरुंद होत जाते आणि शेवटी नाहीशी होते. टोक दांड्याशी जुळले, की त्या हाडाची उंची वाढणे थांबले.

सगळ्या चकत्या एकाच वेळी बंद होत नाहीत, आणि हाच वय ठरवण्याचा आधार आहे. कोपराच्या चकत्या मुलींमध्ये साधारण तेरा-चौदाव्या वर्षी आणि मुलांमध्ये त्यानंतर एक-दोन वर्षांनी बंद होतात. मनगटाजवळच्या चकत्या मुलींमध्ये सोळा-सतराच्या सुमारास, मुलांमध्ये त्याहून उशिरा. कमरेच्या हाडाची वरची कड अठरा ते वीसच्या आसपास जुळते. जत्रुकाचे, म्हणजे कॉलरच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, विशीनंतर. डॉक्टर कोपर, मनगट आणि कंबर यांची चित्रे घेतात, कोणते सांधे जुळले आणि कोणते नाहीत ते पाहतात, आणि त्यावरून वयाचा टप्पा सांगतात. दातांचीही मदत होते. सतराव्या वर्षापर्यंत इतर बहुतेक दात आलेले असतात. अक्कलदाढ मात्र कोणाला सतराव्या वर्षी येते, कोणाला पंचविसाव्या आणि कोणाला कधीच येत नाही. त्यामुळे नेमक्या १८ च्या आसपास दात फारसा भरवशाचा राहत नाही.

हाड काय मोजते?

येथे एक महत्त्वाचा प्रश्न विचारायला हवा. वाढचकती बंद होते ती नेमकी कशामुळे? जन्मापासून किती दिवस झाले हे हाडाला कळते का?

१९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती. त्याच्या हाडांवरून काढलेले वय होते १५ वर्षे. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश पेशीपर्यंत पोचवणारे प्रथिन त्याच्या शरीरात सदोष होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. इस्ट्रोजेन हे आपण स्त्रियांचे संप्रेरक मानतो. पण पुरुषांतही वाढचकती बंद करण्याचे काम तेच करते. हा संदेश हाडापर्यंत पोचला नाही, तर अठ्ठाविसाव्या वर्षीही हाड पंधराचेच राहते.

म्हणजे हाड वर्षे मोजत नाही. शरीर वयात येण्याच्या मार्गावर कोठवर पोचले आहे, एवढेच ते सांगते. आणि हा मार्ग प्रत्येकजण वेगळ्या वेगाने चालतो. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलींपैकी एक अकराव्या वर्षी वयात येते आणि दुसरी चौदाव्या, हे प्रत्येक शिक्षिकेला माहीत असते. आनुवंशिकता, पोषण, दीर्घ आजार, थायरॉइडचे विकार या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. कुपोषित मुलाची हाडे मागे राहतात, तर लठ्ठपणा असलेल्या मुलांत ती पुढे धावू शकतात.

शिवाय तुलना कोणाशी करायची? मनगटाच्या चित्रांचा जगात सर्वाधिक वापरला गेलेला संग्रह म्हणजे ग्रॉयलिक आणि पाइल यांचा, पहिल्यांदा १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यातील चित्रे अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातल्या, बहुतांशी सुस्थितीतल्या गोऱ्या कुटुंबांतील मुलांची, १९३० च्या दशकात आणि त्यानंतर थोडा काळ घेतलेली आहेत. भारतीय व्यक्तींवरील अस्थिभवनाचा गॉल्स्टन यांचा अभ्यास १९३७ चा आहे. त्या काळानंतर मुलांचे पोषण बदलले आणि वयात येण्याचे सरासरी वयही अलीकडे सरकले. नव्वद वर्षांपूर्वीच्या मोजपट्टीने आजच्या नंदुरबारच्या किंवा नागपूरच्या मुलीचे वय मोजताना ही गोष्ट विसरता येत नाही.

हे संग्रह मुळात बनवले गेले ते वेगळ्याच कामासाठी. मुलाचे वय माहीत असते आणि त्याची वाढ वयानुसार होते आहे का, हे बालरोगतज्ज्ञाला पाहायचे असते. न्यायालय नेमका उलटा प्रश्न विचारते, की वाढ समोर आहे, तर वय किती? किशोरवयातील वाढीचे टप्पे ज्यांच्या नावाने ओळखले जातात त्या टॅनर यांनी स्वतः १९९८ मध्ये एका सहकाऱ्यासह लिहिले, की हे टप्पे जन्मतारखेवरचे वय ठरवण्यासाठी वापरणे हा त्यांचा गैरवापर आहे.

मग नवे तंत्र? २०१३ मध्ये स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरील रासायनिक खुणांच्या ३५३ जागा तपासून वय काढण्याची पद्धत मांडली. ती मोठी शास्त्रीय प्रगती होती. पण तिच्यातली मधली चूक साडेतीन वर्षांच्या थोडी वर होती. १७ की १८ हे ठरवायला ती पुरत नाही.

दोन वर्षांचा फरक

१९८२ मध्ये जयमाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की क्ष-किरण तपासणीने काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते. हा आकडा हवेतला नाही. एकाच वयाच्या मुलांची हाडांची वये मांडली, तर ती सरासरीभोवती विखुरतात. किशोरवयात या विखुरण्याचे प्रमाण विचलन ढोबळमानाने एक वर्ष असते. सर्वसाधारण वितरण मानले, तर १०० पैकी सुमारे ९५ मुले सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांच्या, म्हणजे दोन वर्षांच्या आत येतात.

आता हे गणित १८ च्या रेषेला लावून पाहू. जिचे खरे वय बरोबर १७ आहे अशा १०० मुलींची चित्रे घेतली. त्यांपैकी सुमारे १६ जणींची हाडे '१८ किंवा अधिक' असे सांगतील. तसेच बरोबर १९ वर्षांच्या १०० जणींपैकी सुमारे १६ जणींची हाडे '१८ च्या आत' असे सांगतील. म्हणजे पहिल्या गटातील सोळा जणींचे संरक्षण जाईल आणि दुसऱ्या गटाबाबत सोळा तरुण निष्कारण अडकतील.

दुसऱ्या प्रकारची चूक टाळण्यासाठी न्यायालये संशयाचा फायदा आरोपीला देतात. फौजदारी न्यायाचे ते मूळ तत्त्वच आहे. २०१८ मध्ये रजाक मोहम्मद खटल्यात क्ष-किरण अहवालात मुलीचे वय १७ ते १८ आले होते. शाळेचा दाखला नीट सिद्ध झाला नव्हता. अहवालातील चुकीची शक्यता धरता ती सज्ञान असू शकते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की पोक्सो खटल्यात अहवालातील वयाच्या टप्प्याची वरची मर्यादा घ्यावी आणि तिच्यात आणखी दोन वर्षांची चूक धरावी.

आरोपीच्या बाजूने हे न्याय्यच आहे. पण याची दुसरी बाजू पाहा. हाडांच्या वयात दोन वर्षे मिळवायची, तर ज्या मुलीची हाडे १६ दाखवतात ती १८ ची ठरते. बरोबर १६ वर्षांच्या १०० मुलींपैकी जवळपास ५० जणींची हाडे १६ किंवा अधिक दाखवणार. बरोबर १५ वर्षांच्या मुलींपैकीही सुमारे १६ जणी या निकषाने सज्ञान ठरतील. हे सोपे केलेले गणित आहे. डॉक्टर एक आकडा न देता टप्पा देतात आणि वरची मर्यादा घेतली की रेषा आणखी खाली सरकते. निष्कर्ष मात्र स्पष्ट आहे. जिच्याकडे वयाचा विश्वासार्ह कागद आहे, तिच्यासाठी संमतिवय १८ आहे. जिच्याकडे तो नाही, तिच्यासाठी ते प्रत्यक्षात १६ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. आणि कागद नसणाऱ्या मुली कोणत्या? ऊसतोड कामगारांच्या, वीटभट्टीवरच्या, पाड्यांवरच्या, अर्ध्यातून शाळा सोडलेल्या. संरक्षणाची गरज ज्यांना सर्वाधिक, त्याच.

आणखी एक अडचण आहे. सगळ्या चकत्या बंद झाल्यावर हाड बोलणेच थांबवते. मनगट जुळलेली मुलगी सतराची असेल किंवा पंचविशीची. मनगटाचे चित्र दोघींचे सारखेच.

गंमत म्हणजे आरोपीच स्वतः अल्पवयीन असल्याचा दावा करतो, तेव्हा याच चित्राचे वाचन उलट्या दिशेने होते. सीमेवरच्या प्रकरणात तो बाल आरोपी आहे या बाजूने कौल द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अर्नित दास खटल्यात म्हटले. म्हणजे एकाच अहवालातील '१७ ते १९' हा टप्पा मुलीचा असेल तर १९ कडे आणि आरोपी मुलाचा असेल तर १७ कडे वाचला जातो. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच, संशयाचा फायदा आरोपीला. विज्ञानाला बाजू नसते. पण त्याच्या उत्तरात जी अनिश्चितता असते, ती कोणाच्या पदरात टाकायची हे कायद्याला ठरवावे लागते.

वर्गात करून पाहा

हा मुद्दा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना साध्या प्रयोगाने पटवता येतो. आठवी, नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांच्या उंचीच्या चिठ्ठ्या करा. चिठ्ठीवर मुलगा की मुलगी एवढेच लिहा, नाव नको. मागच्या बाजूला पूर्ण झालेली वर्षे आणि महिने लिहा. चिठ्ठ्या मिसळून, केवळ उंचीवरून वय ओळखायला सांगा आणि प्रत्येक वेळी किती महिन्यांची चूक झाली ते नोंदवा. शेवटी चुकांचा आलेख काढा. सरासरी चूक शून्याजवळ येईल, पण एकेका चिठ्ठीत एक-दोन वर्षांची चूक सर्रास दिसेल. सरासरी बरोबर असणे आणि एका व्यक्तीबद्दल बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना यातून कळते. न्यायालयात नेहमी एकाच व्यक्तीचा प्रश्न असतो.

शाळेचे काम

हाडे जन्मतारीख सांगू शकत नाहीत. ती फक्त कागद सांगू शकतो, आणि तोही खरा असेल तरच. म्हणून कलम ९४ मध्ये शाळेचा दाखला पहिल्या क्रमांकावर आहे. हा मान आहे तशी जबाबदारीही.

न्यायालये हा कागद डोळे मिटून घेत नाहीत. १९८८ मध्ये बिरदमल सिंघवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्याच्या माहितीवरून रजिस्टरमध्ये तारीख लिहिली, त्याची साक्ष झाल्याशिवाय त्या नोंदीला पुराव्याचे मोल नाही. २०२३ मध्ये युवप्रकाश खटल्यात शाळा बदलल्याचा दाखला आणि रजिस्टरचा उतारा पुढे केला होता. हे कागद कलम ९४ मध्ये बसत नाहीत आणि डॉक्टरांचा अंदाज १८ ते २० वर्षांचा आहे, म्हणून आरोपी सुटला. आधार कार्डावरची तारीख हाही जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे ऑक्टोबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

यातून शाळेपुरते काही साधे नियम निघतात. पहिलीत प्रवेश देताना ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला मागावा आणि त्याचा क्रमांक व तारीख रजिस्टरमध्ये नोंदवावी. जन्मदाखला नसेल तर प्रवेश नाकारायचा नाही, शिक्षण हक्क कायद्यानेच त्याला मनाई आहे. पण माहिती कोणी, कशाच्या आधारे दिली हे लिहावे, पालकाची सही घ्यावी आणि उशिरा जन्मनोंद करून घेण्यासाठी पालकाला मदत करावी. अंगणवाडीतील नोंद, दवाखान्याचे बाळंतपणाचे कागद, लसीकरणाचे कार्ड यांचा त्यासाठी उपयोग होतो. रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नये. दुरुस्ती रीतसर आदेशानेच करावी. आणि १ जून ही तारीख ज्याचा जन्म खरोखर १ जूनला झाला त्याच्यासाठीच ठेवावी. मूल शाळेत लवकर बसावे म्हणून वाढवलेले एक वर्ष पुढे त्या मुलीचे संरक्षण काढून घेऊ शकते. नोकरीत पुढे वर्ष मिळावे म्हणून कमी केलेले एक वर्ष सज्ञान जोडप्यातल्या मुलाला तुरुंगात पाठवू शकते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. ती मुले पहिलीत यायला २०२९ च्या आसपासचा काळ उजाडेल. तोवर, आणि त्याआधी शाळेत आलेल्या सगळ्या मुलांसाठी, आपले रजिस्टर नीट असणे महत्त्वाचे राहणार आहे.

आणखी दोन गोष्टी. वरच्या वर्गातील मुलामुलींना हा कायदा स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. अठराच्या आत 'दोघांची संमती होती' हा बचाव चालत नाही, हे सतरा-अठराच्या मुलाला पोलीस ठाण्यात गेल्यावर कळू नये. आणि अत्याचाराची माहिती मिळाली, तर ती पोलिसांना कळवणे पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे; शिक्षक आणि मुख्याध्यापक त्याला अपवाद नाहीत. मुलीचे वय १७ की १८ अशी शंका असली, तरी ती शाळेने सोडवायची नाही. माहिती कळवावी, रजिस्टर आणि मूळ कागद जपून ठेवावेत. वय ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आणि त्या कामात आपण ठेवलेल्या नोंदीहून चांगले साधन विज्ञानाकडेही आज नाही.